दाराच्या कडेला राहिलेलं मेण

गाडीच्या दारावर मेणाचा पांढरा पट्टा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, आमचा म्हातारा कामचुकार झाला. तसं मी तोंडावर बोललेही. नवऱ्याला मी समोर अहो-जाहो करते, पण लिहिताना एकेरीच लिहिणार आहे. सगळं मान देऊन लिहीत बसले तर मुद्द्याचं राहून जाईल.

आम्ही अजमानला मुलाकडे राहतो. त्याने एका जुन्या बैठ्या व्हिलाचा अर्धा भाग भाड्याने घेतलाय. पुढे फरशीचं अंगण, लोखंडी फाटक, आणि एक बदामाचं झाड, ते थंडीत लाल पानं गाळून नुसता कचरा करतं. मुलगा दुबईत, अल क्वोजला, एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. ट्रॅफिक लागायच्या आत पोचायचं म्हणून पाचला घर सोडतो. सून शारजाला, अल मजाजमध्ये, एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते. तिला साडेसहाला कारलिफ्टवाली न्यायला येते. कारलिफ्टवाली म्हणजे आपल्या गाडीतून चार बायकांना पैसे घेऊन नेणारी बाई. राहिली नऊ वर्षांची नात. शाळेची बस सहाला येऊन तासभर गल्ल्या फिरायची आणि पोर रोज तिच्यात ओकायची. म्हणून तिला शाळेत सोडायचं काम आजोबांकडे आलं.

आजोबा साधे ड्रायव्हर नव्हेत. चौतीस वर्षं एका अरबाच्या घरी गाडी चालवली. मालकाला इकडे अरबाब म्हणतात. अरबाबच्या आईला हॉस्पिटलात, मुलांना शाळेत, बायकांना लग्नाला. चौतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. हे तो स्वतःच सांगतो, रोज सांगतो, पण आहे खरं.

गाडी धुणंही तो त्याच घरात शिकला. इकडे रस्त्यावर गाडी धुतली तर बलदियावाले, म्हणजे नगरपालिकेची माणसं, दंड करतात, त्यामुळे धुवायची ती आपल्या भिंतीच्या आत. मेण लावायचं काम फक्त थंडीत. उन्हाळ्यात पत्र्यावर हात टेकला तर फोड येतो आणि मेण पापडासारखं करपून बसतं. डिसेंबर ते फेब्रुवारी, दर दुसऱ्या शनिवारी, आमच्या अंगणात हा कार्यक्रम.

गावाकडे मी अजमानच्या थंडीचं सांगितलं की लोक हसतात. वाळवंटात कसली थंडी? जानेवारीत पहाटे फजरच्या नमाजाला उठून वजूचं, हातपाय धुवायचं, पाणी हातावर घ्या, मग हसा. अंगणातली फरशी पायाला चावते. गाडीवर रात्रभर दव पडतं, त्यावर धूळ बसते, आणि सकाळी सगळ्या गाडीवर चिखलाची साय धरलेली असते. अडाणी माणसं ती साय कोरड्या फडक्याने पुसतात आणि रंगाची वाट लावतात. माझा नवरा आधी नुसतं पाणी सोडतो. धूळ आपली आपण वाहून गेली पाहिजे, मग फडकं. छप्पर आधी, मग काचा, मग दारं, शेवटी चाकं. चाकांचं फडकं वेगळं. त्या फडक्याने कोणी दार पुसलं तर त्याला ताटात चप्पल ठेवल्यासारखं वाटतं.

माझं काम गिझरचं कोमट पाणी बादल्यांतून आणून देणं. थंड पाण्याने त्याची बोटं आखडतात. बादल्या दोन, एक साबणाची, एक साधी. धुऊन झालं की कोरडं करायचं आणि ऊन अंगणात उतरेपर्यंत थांबायचं. दवात मेण वाळत नाही, नुसतं फासलं जातं. ऊन आलं की ओल्या स्पंजाने पातळ मेण लावायचं, ते वाळून पांढरं पडलं की मऊ फडक्याने घासून काढायचं. आमची गाडी गडद निळी. जिथे घासलं तिथे आरसा, जिथे राहिलं तिथे चुना.

त्या शनिवारी मी बादल्या उचलायला गेले तर ड्रायव्हरच्या दाराच्या पुढच्या कडेला वीतभर रुंद चुना.

"अहो, हे दार अर्धवट सोडलंत."

"कुठे?"

"हे काय. पुढची कड पांढरी आहे."

त्याने मान वळवली, मग त्याला दिसलं. फडकं मारलं. "ऊन तिरपं आहे गो. कळत नाही."

"मला कळलं."

"तुझे डोळे घारीचे. घारीने आता मला चहा आणावा."

मी चहा आणला. विषय संपला.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी काय काय झालं, ते तेव्हा मला एकत्र दिसलं नाही. ताटात सुरमईची तुकडी तशीच राहिली. मी म्हटलं, "मासा टाकता? बाजारात जाऊन भाव विचारा." तो म्हणाला, "वाढलीसच नाहीस." मी ताट फिरवून त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने तुकडी खाल्ली आणि वर मलाच म्हणाला, आता ठेवलीस. दोनदा स्वयंपाकघराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा आपटला. मी म्हटलं, घर तेवढंच आहे, तुम्ही रुंद झालात. म्हातारपण म्हटलं की सगळं खपतं. बायकोला ते जास्तच खपतं, कारण तीही म्हातारी असते.

दुसऱ्या मेणाच्या शनिवारी तो काम आटपून भिंतीपाशी खुर्ची टाकून उन्हात बसला. मुलगा-सून झोपलेले, सुट्टीचा दिवस. मी चहा घेऊन आले आणि गाडीकडे पाहिलं. डाव्या बाजूच्या दोन्ही दारांच्या पुढच्या कडा पांढऱ्या. मी वळसा घालून उजव्या बाजूला गेले. तिकडेही पांढरं, पण दारांच्या मागच्या कडांना. एकीकडे पुढे, एकीकडे मागे. हा कसला आळस? आळशी माणूस सरळ एक बाजू सोडून देतो, चाकं सोडतो, छप्पर सोडतो. असा मोजून मापून सोडत नाही.

मी चहा बॉनेटवर ठेवला. एरवी तेवढ्यावरून त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. मग मी घासताना तो जिथे उभा राहतो तिथे, दाराकडे तोंड करून उभी राहिले. डावा हात लांब केला. हात बरोबर पांढऱ्या पट्ट्यावर गेला. पलीकडच्या बाजूला जाऊन तसंच केलं. तिथेही डावा हात पट्ट्यावर.

मी त्याच्या खुर्चीपाशी गेले, त्याच्या डाव्या बाजूला, दोन हातांवर. कप उचलून धरला आणि गप्प उभी राहिले. तो समोर फाटकाकडे बघत होता. मी कप हलवला. काही नाही. एक पाऊल पुढे टाकलं, आणखी एक, अगदी त्याच्या समोर आल्यावर तो दचकला.

"कधी आलीस?"

"आत्ता," मी म्हटलं.

मी चौथी शिकलेली बाई. गाडी कधी चालवली नाही. पण चौतीस वर्षं सुट्टीच्या दिवशी ह्याच्या शेजारच्या सीटवर बसले आहे, आणि बसल्या बसल्या एवढं कळलंय की ह्या देशात गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, जे काही येतं ते डावीकडून येतं. ड्रायव्हरने डावीकडे बघायचं, मोकळं असेल तर आत शिरायचं. आमच्या घरापासून शाळेपर्यंत राउंडअबाउट तीन आहेत. मागच्या सीटवर माझी नात असते, बेल्ट लावून, मांडीवर डबा.

मी तेव्हाच आत जाऊन मुलाला उठवायला हवं होतं. दार दहा पावलांवर होतं.

मी उठवलं नाही. त्याचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी मुलगा जेवताना सहज म्हणाला होता, "अब्बा, बस झालं आता. ड्रायव्हिंग सोडा, आराम करा." नवरा ताटावरून उठला. चार दिवस आमच्यात बसून जेवला नाही. संध्याकाळी अंगणातल्या बंद गाडीत जाऊन बसायचा, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून. मुलगा घाबरला, माफी मागितली, विषय परत काढला नाही. ते गाडीतलं बसणं मला पुन्हा बघायचं नव्हतं. बस, एवढंच कारण. ह्याला मी चांगले कपडे घालू शकते, पण घालणार नाही.

म्हणून मी काय केलं, तर फडकं उचललं आणि राहिलेलं मेण घासायला लागले. थंडीत वाळलेलं मेण सुटता सुटत नाही. खांदा भरून आला. मुलगा उठायच्या आत एकूण एक पट्टा गेला पाहिजे म्हणून मी अशी घासत होते, जशी काही चोरीच लपवत होते.

"आज काय," नवरा खुर्चीतून म्हणाला, "गाडीवर प्रेम आलं?"

"तुमच्यावर नाही आलं, निदान गाडीवर तरी येऊ दे."

तो हसला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. नंतर डॉक्टरनेही तेच सांगितलं. पण तेव्हा मला वाटलं, हा लपवतोय आणि मी त्याला साथ देतेय.

सोमवारी मी ओढणी घेऊन गाडीत पुढे जाऊन बसले.

"कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"येताना बेकरीतून खुबूस घ्यायचे आहेत." खुबूस म्हणजे इकडची अरबी रोटी.

"मी आणतो ना रोज."

"शिळे आणता."

मागून नात म्हणाली, "दादी, आर यू कमिंग एव्हरी डे?"

"हो. का? तुझ्या बसायला जागा कमी पडते?"

"नो, बट दादा ड्राइव्ह्ज फास्टर विदाउट यू." दादा म्हणजे तिचे आजोबा.

मी बेल्ट ओढून लावला.

मी ठरवलं होतं की त्याचा डावा डोळा मी व्हायचं. बाईमाणसाची अक्कल, दुसऱ्याचं काम आपण करून टाकायचं आणि बोलायचं नाही. पहिल्या राउंडअबाउटला मी त्याच्या पलीकडे, डाव्या काचेतून बघत म्हटलं, "पांढरी गाडी येते." तो म्हणाला, "दिसते." दिसत नव्हती. मी म्हटलं तेव्हा त्याने मान वळवली. दुसऱ्याला म्हटलं, "बस येते." तिसऱ्याला, "थांबा, थांबा, मोटारसायकल." डिलिव्हरीवाला होता, सुर्रकन गेला.

तीन दिवसांनी तो चिडला. "तू कधीपासून ड्रायव्हिंग शिकवायला लागलीस?"

"शिकवत नाही. बोलते."

"चौतीस वर्षं मी काय डोळे मिटून चालवली?"

"तेव्हाचं तेव्हा."

"यल्ला, मग उतर खाली आणि टॅक्सीने जा."

"खुबूस घेतल्यावर उतरते."

मागे पोर हसत होती. तिला वाटलं आम्ही नेहमीसारखे भांडतोय. शाळेच्या फाटकात तिला उतरवलं की ती आत जाईपर्यंत मी बघत राहायचे. सून म्हणाली, "अम्मी, तुम्ही बारीक झालात." मी म्हटलं, थंडीने. ती रोज कारलिफ्टमध्ये बसण्याआधी पोरीच्या वेण्या घालायची, आणि मी समोर उभी राहून बघायचे आणि बोलायचे नाही. असे आठ दिवस शाळेचे. सुट्टीचे धरून अकरा.

आठवी फेरी बुधवारची. पहाटेच मुलाचा फोन आला, तो रस्त्यात होता. "अम्मी, दुबईपर्यंत नुसतं धुकं आहे. अब्बांना सांग, सावकाश." मी पडदा सरकवला तर फाटक दिसत नव्हतं. बदामाचं झाड अर्धंच होतं, वरचं कोणी पुसून टाकल्यासारखं.

मी म्हटलं, "आज शाळा नको."

नवरा स्वेटर घालत होता. "धुकं काय पहिल्यांदा पडलं? अल ऐनहून अरबाबच्या आईला आणलीय मी धुक्यात. पुढे हात दिसत नव्हता."

"तेव्हा तुम्ही चाळीसचे होतात."

"आणि तू काय सोळाची होतीस?"

नात बूट घालून तयार. "दादी, आय हॅव अ मॅथ टेस्ट. आय स्टडीड."

मी नाही म्हणू शकले असते. फाटकाला कुलूप लावू शकले असते, चक्कर येऊन पडायचं नाटक करू शकले असते, नाटकं मला चांगली येतात. मी चप्पल घातली.

गाडीवर दवाची साय होती. त्याने पाणी सोडून काच धुतली, फडकं फिरवलं. समोर उभा राहून पुसली, त्यामुळे माझ्या सीटसमोरची काच ओलीच राहिली. मी काही न बोलता ती ओढणीने पुसली.

पहिलं राउंडअबाउट नीट गेलं. दुसरंही. गाड्यांचे पिवळे दिवे एकदम जवळ आल्यावर दिसायचे. मी काचेला डोळे लावून बसले होते, नवरा गोगलगायीसारखी गाडी चालवत होता, आणि पोर मागे पाढे म्हणत होती. तिसऱ्या राउंडअबाउटच्या तोंडाशी तिचा डबा मांडीवरून खाली पडला आणि झाकण उघडलं.

"दादी! माय अंडा-पराठा!"

मी मागे वळले. मला वाटतं मी "राहू दे" म्हटलं. तेवढाच वेळ.

हॉर्न असा वाजला की जसा काही गाडीच्या आतच वाजला. नवऱ्याने ब्रेक मारला, माझं डोकं खिडकीवर आपटलं. मी पुढे पाहिलं तर डाव्या अंगाला, ड्रायव्हरच्या दारापासून हातभर अंतरावर, बसचं तोंड उभं होतं. कामगारांची बस, कामावर निघालेली. काचेमागे टोप्या घातलेली माणसं उभी राहून आमच्याकडे बघत होती. बसच्या ड्रायव्हरने खिडकी उघडली.

"चाचा! दिखता नहीं क्या?"

नवरा त्याच्याकडे नाही, समोर बघत होता. मला म्हणाला, "हा आला कुठून?"

तो खोटं बोलत नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात माणसाचा खोटा आवाज कळतो. एवढी मोठी बस, तिचे एवढे मोठे दिवे, आणि त्याच्यासाठी ती हवेतून पडली होती.

मागून नात बारीक आवाजात म्हणाली, "दादा, इट वॉज राइट देअर. आय सॉ इट."

म्हणजे तिने पाहिलं होतं. दाराच्या बाजूने अंगावर येताना पाहिलं होतं.

बसवाला मागे सरला, आम्हाला वाट दिली. मी म्हटलं, "पुढे घ्या. पंपावर थांबवा." राउंडअबाउटच्या पलीकडे पेट्रोल पंप आहे. मी सांगत गेले, डावीकडे कोणी नाही, चला, आता उजवीकडे, झालं, थांबा. गाडी थांबल्यावर मी हात घालून किल्ली काढून घेतली. आयुष्यात कधी मी त्या किल्लीला हात लावला नव्हता.

"काय करतेस?"

"खलास," मी म्हटलं. "आता नाही."

"धुकं होतं..."

"पोरीला दिसलं. त्याच धुक्यात तिला दिसलं."

मी मुलाला फोन लावला. फोनवर सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की सगळे धड आहोत, पण तू ये, आणि गाडी आता अब्बा चालवणार नाहीत. त्याने एकच विचारलं, "माझी मुलगी?" मी म्हटलं, "धड आहे." तो तास-सव्वा तासाने आला, वर्कशॉपच्या पिकअपमधून. तोवर आम्ही तिघे पंपाच्या दुकानात बसलो. पोरीने चिप्स खाल्ले. टेस्ट बुडाली म्हणून रडली, बसबद्दल रडली नाही.

मुलगा आला तेव्हा मी त्याला बाहेर नेलं आणि मेणापासून सांगितलं. पट्टे, ताटातला मासा, चौकट, कप. तो ऐकत होता. मग म्हणाला, "अम्मी, किती दिवस?"

"अकरा."

"अकरा दिवस तू रोज..." तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. कामाचे बूट घातलेला एवढा मोठा माणूस, पेट्रोल पंपावर, त्याचे खांदे मी पाहिले आणि दुसरीकडे बघितलं.

त्याच दिवशी हॉस्पिटल. एका मशिनच्या पांढऱ्या वाडग्यात नवऱ्याने हनुवटी ठेवायची, आत बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. तपासणारी मुलगी म्हणाली, "अंकल, लाइट दिखे तो दबाना." मी भिंतीपाशी बसले होते. बटण टकटक वाजायचं, मग बराच वेळ वाजायचं नाही. मला वाटायचं मशीन थांबलं. मशीन थांबलेलं नसायचं. दिवे लागत होते आणि तो शांतपणे वाट बघत होता.

मग कागद आला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं, आणि दोन्ही वर्तुळांचा डावा अर्धा भाग काळा. डोक्याचा फोटोही काढला. डॉक्टर केरळची होती, हिंदीत बोलली. डोळे ठीक आहेत, म्हणाली. डोक्यात रक्ताची एक बारीक नळी बंद झाली आहे, महिना-दोन महिने झाले असतील, दुखलं-खुपलं नसेल. दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं दिसणं गेलं आहे आणि ते गेलंय हे त्यांना स्वतःला कळत नाही. औषधं दिली. परत तसं होऊ नये म्हणून ती जन्मभर घ्यायची. आधी आला असतात तर बरं झालं असतं, म्हणाली. सहज म्हणाली. रोज पन्नास जणांना म्हणत असेल.

"गाडी?" नवऱ्याने विचारलं.

"नहीं अंकल. अब नहीं."

मला वाटलं आता हा उठेल, आवाज चढवेल, चौतीस वर्षं काढेल. त्याने पाकीट काढलं, त्यातून लायसन्स काढलं आणि मुलाच्या हातात दिलं. "ठेव," एवढंच म्हणाला. ज्या दुःखाला भिऊन मी अकरा दिवस तोंड शिवलं, ते त्याने असं एका शब्दात पार पाडलं.

मुलगा औषधं घ्यायला गेला तेव्हा आम्ही दोघंच बाकावर होतो. मी त्याच्या उजव्या बाजूला बसले.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या मेणाच्या दिवशी. पट्टे बघून."

"म्हणजे पोर मागे बसायची तेव्हा तुला माहीत होतं."

"मी बसायचे ना बाजूला. सांगायचे ना."

"अगो, मला दिसत नव्हतं, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तुला दिसत होतं."

मी म्हटलं, "तुम्ही दोन वर्षांपूर्वी जेवण सोडलं होतंत."

"चार दिवस सोडलं. मेलो का?"

मी औषधाच्या खिडकीकडे बघत बसले. तो पुढे म्हणाला, "माझी इज्जत तू पोरीच्या डोक्यावर ठेवलीस आणि चालवलीस गाडी." आवाज चढवला नाही. मग मुलगा आला आणि आम्ही उठलो.

आता तो ठीक आहे. ताट फिरवून जेवायला शिकला, चौकटीतून जाताना डावा हात पुढे धरतो. पोरीला आता सुनेच्या कारलिफ्टमधून शाळेत सोडतात, बाईने जरा वाट बदलली. त्याने ती गोष्ट परत काढली नाही. मुलानेही नाही. मला वाटलं होतं सून बोलेल, तिचा हक्क होता, पोर तिची. ती एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर मीही काहीतरी बोलले असते.

फक्त दर दोन-तीन दिवसांनी एकदा, कणीक मळताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, ती विचारते, "अम्मी, आम्हाला सांगायचं राहिलंय असं काही आहे का?" आवाज अगदी साधा, बटाटे संपले का विचारावं तसा.

मी म्हणते, "नाही."

खरंच नसतं. पण ती लगेच घडीकडे वळत नाही. थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहते, आणि मी तिला बघू देते.